थेंबही न गळणारं आतडं

पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला गळका नळ सहन होत नाही, आणि नळ गळत नसेल तर रिकामं घर सहन होत नाही. पहिल्या दुखण्यावर साहेबांकडे पाना होता. दुसऱ्यावर काय करायचं हे खात्याच्या कुठल्याच परिपत्रकात आलेलं नव्हतं. म्हणून साहेबांनी आधी घरातले सगळे नळ काढून पुन्हा बसवले, मग जिन्यातला बसवला, आणि शेवटी समोरच्या औषधवाल्याच्या घरचा उत्तम चालणारा नळ दुरुस्तीला घेऊन कायमचा बंद पाडला.

इमारतीत त्यांना सगळे साहेबच म्हणत. त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत, कारण त्या जवळच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या आणि इमारतीतली निम्मी मुलं त्यांच्या हाताखालून गेली होती. तर बाई लेकीकडे गेल्या होत्या. लेक दूरच्या शहरात, तिला नुकतंच मूल झालेलं, जावई बोटीवर नोकरीला. आईनं जायलाच हवं होतं. जाताना ‘थोडे दिवस’ असा शब्द होता. मग बाळ रात्री झोपत नव्हतं म्हणून मुक्काम वाढला. मग ते दिवसा झोपेना म्हणून वाढला. आता बाळ व्यवस्थित झोपत होतं, पण लेकीची रजा संपत आली होती, म्हणून पुन्हा वाढला. साहेबांना नातवाविषयी माया होतीच. पण इतक्या कोवळ्या वयात इतक्या मुदतवाढी मिळवणारा माणूस त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता.

रोज संध्याकाळी फोन व्हायचा.

‘सगळं ठीक ना?’ बाई विचारायच्या.

‘चोख,’ साहेब म्हणायचे. ‘टाकी भरलेली आहे. कुठे थेंब गळत नाही.’

‘करमतं ना तुम्हाला?’

‘न करमायला काय झालं? कामं काय कमी आहेत?’

मग पलीकडे बाळ रडायचं, बाई ‘ठेवते हं’ म्हणायच्या, आणि साहेब फोन हातात धरून थोडा वेळ तसेच बसायचे.

खरं सांगायचं तर त्यांना अजिबात करमत नव्हतं. ते ओट्याशी उभ्यानं पाव आणि उकडलेलं अंडं खायचे, कारण टेबलावर एक ताट मांडलं की ते फार मोठं दिसायचं, म्हणजे टेबल. खुर्चीच्या पाठीवर बाईंची शाल तशीच पडून होती. साहेबांनी ती उचलून ठेवली नव्हती, रोज झटकून पुन्हा तिथेच टाकत होते. आणि सगळ्यात जास्त त्यांना आठवायचे ते उत्तरपत्रिका तपासायचे दिवस. बाई लाल पेन घेऊन बसायच्या आणि एखादं उत्तर मोठ्यानं वाचायच्या. ‘ऐका हो, जठरात गेल्यावर अन्न थोडा वेळ विश्रांती घेते.’ मग हसून हसून चष्मा काढून डोळे पुसायच्या. साहेब वर्तमानपत्रामागून ‘हं’ एवढंच म्हणायचे. आता वर्तमानपत्र होतं, पण त्याच्या पलीकडे कुणी नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग सरळ ‘ये’ म्हणावं की. पण ज्या माणसानं जन्मभर कारण न दिलेले अर्ज परत पाठवले, त्याला नुसतं ‘ये’ कसं म्हणता येईल? मागणी आली की मागे कारण हवं. घर ठाकठीक, तब्येत ठणठणीत, टाकी भरलेली. ‘ये’ म्हणायला एकसुद्धा सबळ कारण नाही. साहेब मनातल्या मनात स्वतःचाच अर्ज रोज नामंजूर करत होते.

कारण आलं ते शाळेतून. मुख्याध्यापिका मॅडमचा फोन आला. दरवर्षीच्या विज्ञान प्रदर्शनात बाईंच्या वर्गाची पचनसंस्था असायची, यंदा बाई नाहीत, तेव्हा यंदा पचन वगळावं असं ठरतंय. घरी शाळेचा एक तक्ता असेल, तो तेवढा पाठवून द्या.

‘वगळू नका,’ साहेब म्हणाले. ‘मॉडेल मी करतो. समजावून सांगायला बाई येतील.’

फोन ठेवल्यावर साहेबांना स्वतःचंच नवल वाटलं. संध्याकाळी त्यांनी बाईंना सांगितलं की शाळा फारच मागे लागली आहे, नाही म्हणण्याची सोयच ठेवली नाही.

बाई खूश झाल्या. ‘मॉडेल झालं तर येईन मी. दोन-चार दिवस का होईना. पण फार व्याप करू नका हो. पुठ्ठा घ्या, जठराला फुगा, आतड्याला लोकर. झालं.’

साहेबांनी हो म्हटलं. पण पुठ्ठा आणि लोकरीसाठी कोण एवढा लांबचा प्रवास करतं? उद्या बाळ शिंकलं तर लोकर राहील लोकरीच्या जागी. मॉडेल असं हवं की बाईंना यावंच लागेल. त्यांनी तक्ता भिंतीला लावला, खुर्ची ओढली आणि पचनसंस्थेकडे पहिल्यांदाच नीट, खात्याच्या नजरेनं पाहिलं.

पाहिलं आणि त्यांना धक्काच बसला. वरून अन्ननलिका सरळ खाली येते, इथपर्यंत काम उत्तम. पुढे जठर, म्हणजे साठवण टाकी, तिच्या तोंडाशी एक झडप आणि बुडाशी एक झडप. साहेबांनी मान डोलावली. पण त्याखाली जे लहान आतडं म्हणून दाखवलं होतं, तो प्रकार त्यांच्या खात्यात घडला असता तर ओव्हरसियर निलंबित झाला असता. एवढी लांब नळी आणि एवढीशी जागा. नुसती कोंबलेली, वळणावर वळण, ना उतार ना आधार. मोठं आतडं त्याभोवती चौकटीसारखं फिरवलेलं, म्हणजे आधी खाली आलेला माल पुन्हा वर चढवायचा. आणि कोपऱ्यात आंत्रपुच्छ, जे कुठेच जात नाही. त्यावर मात्र साहेबांनी आक्षेप घेतला नाही. काहीही काम नसताना जागेवर हजर असणारी माणसं प्रत्येक कार्यालयात असतात आणि त्यांना हात लावला की भलतंच दुखतं.

सामान घरातूनच निघालं. अन्ननलिकेला कपडे धुण्याच्या मशीनची नळी. जठराला बाईंची शेकायची रबरी पिशवी. मोठ्या आतड्याला मोरीतला घड्यांचा पाइप. यकृताला सोफ्यावरची तपकिरी उशी, पित्ताशयाला डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली, आंत्रपुच्छाला भांडी घासायच्या रबरी हातमोज्याचं करंगळीचं बोट. स्वादुपिंडाशी ते अडले. बाईंच्या पुस्तकात लिहिलं होतं की ते जठराच्या मागे असतं, पटकन दिसत नाही, आणि गाजावाजा न करता सगळ्यांना लागेल ते पुरवत राहतं. हे वाचून साहेब चष्मा काढून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी त्यांनी बाईंच्या शालीकडे पाहिलं, पण तिला कात्री लावायचा धीर झाला नाही. स्वादुपिंड मोज्याचं केलं.

लहान आतड्याला बागेचा नवा पाइप आणला आणि त्यात निसर्गानं केलेली चूक सुधारली. सगळी वळणं काढून टाकली. जठरापासून निघून बैठकीच्या भिंतीला धरून, दारावरून, स्वयंपाकघराला वळसा घालून एकसारख्या उतारानं येणारी अशी सुंदर सरळ लाइन की खात्यातल्या कुठल्याही माणसाचे डोळे पाणावले असते. प्रत्येक सांध्याला धागा, धाग्यावर लेप, लेपावर क्लिप. आणि मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टोकाला चकचकीत पितळी व्हॉल्व्ह.

असं काही घरात चालू असलं की शेजारी लांब राहत नाहीत. समोरचा औषधवाला सर्वात आधी आला. त्याच्या मते जगातली सगळी दुखणी पोटात सुरू होतात आणि त्याच्या दुकानात संपतात.

‘या इमारतीत कुणाच्या पोटात काय चाललंय ते मला विचारा,’ तो म्हणाला. ‘आणि साहेब, तुमच्या या पोटात आम्ल कुठाय? आम्लाशिवाय पोट म्हणजे नुसती पिशवी.’

‘ती पिशवीच आहे,’ साहेब म्हणाले.

‘मी आणतो,’ तो म्हणाला आणि व्हिनेगरची बाटली घेऊन आला. साहेबांनी आदल्या दिवशी पिशवी धुण्याच्या सोड्यानं धुतली होती आणि सोडा थोडा आत राहिला होता. व्हिनेगर आत गेलं मात्र, जठर फुगलं, गुरगुरलं, आणि अन्ननलिकेतून फेसाचा लोट वर येऊन उशीच्या यकृतावर, सोफ्यावर आणि औषधवाल्याच्या इस्त्रीच्या शर्टावर पडला.

‘बघा,’ औषधवाला तोंड पुसत समाधानानं म्हणाला. ‘हुबेहूब. तुम्हाला गोळ्या पाठवून देतो.’ गोळ्या कुणासाठी, साहेबांसाठी की मॉडेलसाठी, हे त्यानं सांगितलं नाही.

वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण आवाज ऐकून खाली आली. ती पूर्वी बाईंची विद्यार्थिनी. तिनं सगळी लाइन नीट पाहिली आणि म्हणाली, ‘काका, पचन तोंडात सुरू होतं. दात कुठे आहेत?’ मग दवाखान्यातले प्लॅस्टरचे दात आणून तिनं अन्ननलिकेच्या तोंडाशी बसवलेल्या नरसाळ्याला चिकटवले. त्यामुळे एक झालं, आतापर्यंत जी नळजोडणी दिसत होती ती हसायला लागली. सकाळी अंधुक उजेडात स्वयंपाकघराकडे जाताना साहेब दोनदा दचकले.

‘काका, तुम्ही जेवता ना नीट?’ जाताना तिनं विचारलं.

‘चोख,’ साहेब म्हणाले.

चाचणी मात्र अप्रतिम झाली. दुधात पाव कालवून नरसाळ्यातून ओतला. अन्ननलिका, जठर, भिंतीभिंतीनं लहान आतडं, मोठं आतडं, व्हॉल्व्ह, बादली. जेवढं वर ओतलं तेवढंच खाली आलं. साहेबांनी पाइपावरून कोरडा रुमाल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. रुमाल कोरडा. उभ्या नोकरीत शहराची लाइन कधी अशी झाली नव्हती. ते फोनवर बाईंना म्हणाले, ‘तू बघच. प्रत्यक्षच बघ. फोनवर नाही कळायचं.’

‘बघायला येतेच आहे ना,’ बाई म्हणाल्या. त्या रात्री साहेब टेबलाशी बसून जेवले.

आता शाळा. मुख्याध्यापिका मॅडमनी सगळा आराखडा शांतपणे ऐकला. तोंड सभागृहाच्या वरच्या सज्जात, आतडी जिन्याच्या कठड्यावरून खाली, शेवट व्यासपीठावर.

‘सुंदर,’ मॅडम म्हणाल्या आणि टेबलावरचा कागददाब उगीच सरळ केला. ‘फक्त साहेब, पालक येतात, पाहुणे येतात. तो शेवट... तो जरा मोघम ठेवता येईल का?’

‘मॅडम,’ साहेब म्हणाले, ‘शेवट मोघम ठेवला की सर्वात जास्त तक्रारी येतात. हा माझा अनुभव आहे.’

अखेर शेवटापुढे एक छोटा निळा पडदा लावायचा यावर तडजोड झाली. पडदा शाळेच्या स्नेहसंमेलनातला होता आणि त्यावर हंस होते.

पण खरी अडचण पाण्याची निघाली. साहेबांनी पुस्तकात वाचलं की लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस मिळून शरीर दिवसाला बादलीभर रस नुसते आतल्या आत सोडत असतं. मग मगानं पाणी ओतून कसं भागणार? रसांसाठी नळाची तात्पुरती जोडणी हवी. आणि तात्पुरत्या जोडणीला पाणीखात्याची परवानगी हवी, कारण तसा नियम होता. नियम साहेबांनीच केला होता.

साहेबांच्या खुर्चीत आता त्यांचा जुना कनिष्ठ बसायचा. तो उठून उभा राहिला, चहा मागवला, बाईंची चौकशी केली, आणि मग अत्यंत नम्रपणे म्हणाला, ‘साहेब, वापराचं सदर काय लिहू?’

‘प्रात्यक्षिक.’

‘तसं सदर नाही, साहेब. घरगुती, व्यापारी, औद्योगिक, उद्यान. तुम्हीच चारच ठेवली होती. जास्त सदरं म्हणजे जास्त गोंधळ, असं तुम्ही म्हणायचात.’

‘मग घरगुती लिही.’

‘घरगुतीला राहणाऱ्याचं नाव लागतं, साहेब. यात कोण राहतं?’

साहेबांच्या मनात आलं की हाच प्रश्न त्यांच्या घरालाही लागू आहे. पण तो कनिष्ठासमोर बोलण्याचा नव्हता.

‘व्यापारी?’

‘काही विकणार आहात का?’

‘औद्योगिक?’

‘मग बाहेर पडणारं पाणी तपासायला माणूस पाठवावा लागेल.’ कनिष्ठ हळहळला. ‘साहेब, मी सोडलं असतं हो. पण तुम्हीच शिकवलंत, सख्ख्या भावाचा अर्ज असला तरी नियम वाचायचा.’

आपणच लावलेल्या झाडाची फांदी आपल्याच डोक्यात पडली की माणूस कुणाला बोलणार? साहेब गार झालेला चहा मुकाट्यानं प्यायले. तीन खेपा झाल्यावर एक वाट निघाली. लहान आतडं मुळात बागेचा पाइप असल्यानं जोडणी ‘उद्यान’ या सदरात मंजूर झाली. त्यात एकच अट होती. उद्यानांना पाणी फक्त सकाळी. त्यामुळे शाळेच्या प्रदर्शनाचं उद्घाटन संध्याकाळचं सकाळी आलं, मॅडमना पाहुण्यांच्या पुन्हा विनवण्या कराव्या लागल्या, आणि त्यांनी साहेबांशी बोलताना ‘सुंदर’ हा शब्द वापरणं सोडून दिलं.

साहेबांना त्याचं काही वाटलं नाही. बाई प्रदर्शनाच्या सकाळी पोचणार होत्या. साहेबांनी पलंगावरची चादर बदलली, बाईंच्या बाजूची उशी उन्हात ठेवली. दुधाची पिशवी एकाऐवजी दोन सांगितली.

आदल्या दिवशी दुपारीच फोन आला. संध्याकाळच्या वेळेआधी आलेला फोन चांगला नसतो, हे साहेबांना उचलायच्या आधीच कळलं.

‘अहो, बाळाला ताप आलाय,’ बाई म्हणाल्या. ‘काळजीचं नाही, पण ही एकटी पडेल. आणि हिची रजाही आता वाढत नाही म्हणतात. मला नाही वाटत आता लवकर निघता येईल.’

‘बरं,’ साहेब म्हणाले.

‘तुम्ही एवढं केलंत...’

‘छे, त्यात काय. बाळाकडे बघ तू. इथे सगळं चोख आहे.’

‘तुम्हाला काही वाटत नाही ना?’ बाईंनी विचारलं.

‘मला काय वाटायचंय?’ साहेब म्हणाले.

फोन ठेवून ते बैठकीत आले. भिंतीला धरून ते सरळ, निष्कलंक आतडं चाललं होतं आणि नरसाळ्यातले दात हसत होते. साहेबांना एकाएकी फार दमल्यासारखं झालं. बाळाचा त्यांना राग आला नाही, लेकीचाही नाही. फक्त बाई हव्या होत्या. बाकी काही नको होतं, मॉडेलही नको होतं. ते बाईंच्या खुर्चीत बसले, शाल पाठीला लागली, आणि त्यांनी ती झटकली नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र शब्द दिलेला म्हणून ते शाळेत गेले. औषधवाला दुधाची बादली घेऊन वर सज्जात उभा राहिला. त्याला ‘अन्न’ नेमलं होतं. दातांच्या डॉक्टरणीनं सगळी सोय केली होती: तिनं तिच्या फोनवरून बाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन व्यासपीठासमोर उंच धरला. चौकोनात बाई दिसल्या, खांद्यावर बाळ, केस विस्कटलेले. इतक्या दिवसांत साहेबांनी त्यांचा आवाजच ऐकला होता. चेहरा दिसल्यावर ते भाषणाचं पहिलं वाक्य विसरले.

‘करा सुरू,’ फोनमधून बाई म्हणाल्या. मुलांनी ओळखीचा आवाज ऐकून ‘बाई, बाई’ असा गलका केला.

साहेबांनी खूण केली. वरून लाल रंग घातलेला दूध-पावाचा काला निघाला, दातांमधून गेला, जठरात साठला, झडप उघडली, नळाचे रस येऊन मिळाले, आणि जिन्याच्या कठड्यावरून सरळ रेषेत सळसळत सगळं खाली आलं. हंसांच्या पडद्यामागे बादलीत धार पडल्याचा आवाज झाला. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मॅडमसुद्धा ‘सुंदर’ म्हणून गेल्या.

‘केवढं घातलंत?’ फोनमधून बाईंनी विचारलं.

‘बादलीभर.’

‘आणि बाहेर केवढं आलं?’

‘सगळं,’ साहेब अभिमानानं म्हणाले. ‘थेंबही वाया गेला नाही. रुमाल फिरवून बघ.’

बाई म्हणाल्या, ‘अहो, मग हा माणूस उपाशी मेला की.’

सभागृह खो-खो हसलं. साहेबांना काहीच कळलं नाही.

‘मुलांनो, सांगा बरं काकांना,’ बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला. ‘लहान आतड्याचं काम काय?’

‘शोषण,’ सगळे एका सुरात ओरडले.

‘म्हणजे त्याच्या भिंतीतून सगळं सत्त्व झिरपायला हवं हो. झिरपतं ते रक्तात जातं, त्यावर माणूस जगतो. आणि ती वळणं कुठे गेली? वळणं असतात ती अन्न रेंगाळावं म्हणून. तुम्ही तर सरळ गटार बांधलंत.’

उभा जन्म साहेबांनी गळती बंद करण्यात घालवला होता, आणि इथे पहिलीच वस्तू अशी निघाली की जिचं गळणं हेच काम. अपमान मोठा होता, मुलं हसत होती, पाहुणे हसत होते, वरून औषधवाला ‘मी आधीच म्हणालो होतो’ असं खोटंच सांगत होता. पण फोनमध्ये बाई हसत होत्या. अगदी उत्तरपत्रिका तपासताना हसायच्या तशा, चष्मा काढून, बाळाच्या अंगावरच्या दुपट्यानं डोळे पुसत. ते हसू बघताना साहेब अपमान विसरले. त्यांना वाटलं, ते थांबू नये.

‘मग करतो दुरुस्त,’ ते म्हणाले.

पहिल्या रांगेतल्या मुलीच्या कंपासपेटीतला कर्कटक त्यांनी मागून घेतला. शेवटचा पितळी व्हॉल्व्ह घट्ट बंद केला, कारण खालून वाट मोकळी राहिली तर पाणी भोकांतून कशाला येईल? आणि मग खात्याच्या निवृत्त अधिकाऱ्यानं, भर सभागृहात, स्वतःच्या हातानं घातलेल्या लाइनला भोकं पाडायला सुरुवात केली. ते बघून वर सज्जात औषधवाल्यानं काल्याची दुसरी बादली ओतली.

पण तोंड वरच्या मजल्यावर, लाइन सरळ, वळण एकही नाही, त्यात नळ सुरू. जोर कुठे जाणार? कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी दुधाच्या धारा उडाल्या. पाहुण्यांच्या कोटावर, शेजारच्या वर्गाच्या ज्वालामुखीवर, मॅडमच्या भाषणाच्या कागदांवर. ज्वालामुखी विझला. मुलं टाळ्या पिटत पुढे आली, मोठी माणसं खुर्च्या घेऊन मागे गेली. ‘शोषण, शोषण,’ मुलं ओरडत होती.

‘अहो, भिजताय तुम्ही,’ फोनमधून बाई म्हणाल्या. हसता हसता त्यांना बोलवत नव्हतं. ‘बंद करा, सर्दी होईल. टॉवेल आहे का तिथे कुणाकडे?’

साहेबांच्या चष्म्यावरून दूध ओघळत होतं. त्यांनी तो काढला. चष्म्याशिवाय त्यांना सभागृह दिसेना, पाहुणे दिसेनात, फक्त तो उजेडाचा चौकोन आणि त्यात बाईंसारखं काहीतरी.

‘अगं,’ ते म्हणाले, ‘मला करमत नाही.’

हे ते नेहमीच्या आवाजात बोलले. पण मुलं नेमकी त्याच वेळी गप्प झाली होती. डॉक्टरणीच्या हातातला फोन हलला आणि तिनं तो दुसऱ्या हातानं घट्ट धरला.

‘काय म्हणालात?’

‘करमत नाही मला इथे. टाकी भरलेली आहे, सगळं ठीक आहे. तूच नाहीस. तुला बोलवायला काही कारण सापडेना, म्हणून हे सगळं केलं.’

बाईंनी बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्या आता हसत नव्हत्या.

‘मी रोज विचारत होते,’ त्या म्हणाल्या. ‘रोज. करमतं का, म्हणून. तुम्ही मला टाकीचं सांगायचात. मला वाटलं, हे मजेत आहेत एकटे. मी इथे वाट बघतेय की कधीतरी हा माणूस म्हणेल, मीच येतो तिकडे.’

साहेबांना हे सुचलंच नव्हतं. एवढी भिंत धरून, दारावरून, जिन्यावरून लाइन टाकली, पण ती बाईंना इकडे आणण्यासाठी. आपणही तिकडे जाऊ शकतो, हा मार्ग त्यांच्या आराखड्यात कुठे नव्हताच.

‘मी येऊ?’ त्यांनी विचारलं.

‘या ना.’

‘तिथे अडचण होईल. दोनच खोल्या.’

‘होऊ दे अडचण.’

‘तिथले नळ कसे आहेत?’ साहेबांनी विचारलं, कारण नुसतंच जायचं म्हणजे कसं. ‘मोरीतला गळत असेल तर पाना घेऊन येतो. लेपही आणतो. काय काय आणू सांग.’

‘काही आणू नका,’ बाई म्हणाल्या. ‘नुसते या.’